संघटित गुन्हेगारीशी लढणाऱ्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची कारकीर्द खरंच कशी असते?

सांगलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मुंबईत टोळ्यांविरुद्ध काम केलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती ऐकून त्याला आयपीएस व्हावंसं वाटतं. या अधिकाऱ्यांची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, चकमकी सोडल्या तर ते नेमकं काय करतात आणि त्यासाठी आत्तापासून काय शिकावं, असं त्याने विचारलं आहे.

मी स्वतः आयपीएस नव्हतो. एमपीएससीतून फौजदार झालो आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा भाग गुन्हे शाखेत गेला. अनेक वरिष्ठांच्या हाताखाली तपास केला, त्यामुळे कोणाच्या सहीचा खटला उभा राहिला आणि कोणाचा कोसळला हे फार जवळून पाहायला मिळालं. त्या अनुभवावरून सांगतो.

टोळीचा खरा धंदा भीतीचा आहे. बंदूक, पोरं, वकील, परदेशातला फोन ही सगळी त्या धंद्याची साधनं. ज्याला खंडणीसाठी फोन येतो तो माणूस पोलिसांकडे न जाता पैसे पोचवतो, तेवढ्यावर टोळी जगते. म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्याचं खरं काम एकच: घाबरलेल्या माणसाला फिर्याद द्यायला तयार करायचं आणि तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत त्याला टिकवून धरायचं. फोन ऐकणं, खबरी सांभाळणं, कडक कायदे लावणं, परदेशातून आरोपी आणणं हे सगळं त्याच्यासाठी आहे. हे ज्या अधिकाऱ्याला लवकर उमगतं त्याच्या काळात टोळी खंगते.

आधी टोळ्या कशावर पोसल्या ते समजून घ्या, कारण पैसा कुठून येतो हे न कळणारा अधिकारी पोरं पकडत बसतो. स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली आणि हातभट्टीवर पहिली पिढी मोठी झाली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा आणि जबर आयात कर यांनी सोन्याच्या तस्करीला सोन्याचे दिवस दाखवले. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन मुदलियार ही नावं त्या काळातली. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पाठोपाठ आयात खुली झाली आणि तस्करीतला नफा आटला. त्याच सुमाराला मुंबईतल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप चिघळला, गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळ-भायखळ्यातल्या घरांतली कमाई थांबली. त्या घरांतली काही पोरं टोळ्यांच्या हाती लागली आणि पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनींवर टोळ्यांचा डोळा गेला. खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा 7 मे 1994 रोजी महालक्ष्मीजवळ खून झाला, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा 16 जानेवारी 1997 रोजी पवईत, आणि गुलशन कुमार यांचा त्याच वर्षी 12 ऑगस्टला अंधेरीत भरदिवसा देवळाबाहेर. ज्याच्याकडे पैसा आहे तो प्रत्येक जण गिऱ्हाईक, असा तो काळ होता.

वाय. सी. पवार यांचं उदाहरण मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी देत असे. 1980 च्या दशकात उपायुक्त असताना त्यांनी वरदराजनच्या माटुंगा-वडाळा-धारावी पट्ट्यातल्या हातभट्टीच्या अड्ड्यांवर सतत घाव घातला. कमाईच बंद झाली, दरारा ओसरला आणि वरदराजनला मुंबई सोडून चेन्नई गाठावी लागली. 1988 मध्ये तो तिथेच वारला. टोळीचा पैसा तोडला की म्होरक्याचं नाव आपोआप लहान होतं, हे मुंबई पोलिसांना तेव्हाच समजायला हवं होतं. पुढच्या काळात लक्ष नावांवर गेलं आणि पैशाच्या वाटा मोकळ्या राहिल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फिर्यादीकडे येतो. खंडणीचा फोन आलेला माणूस ठाण्यात जाऊन थेट तक्रार देतोय, असं क्वचितच घडतं. तो आधी ओळखीच्या कुणाला तरी विचारतो, मग एखाद्या राजकीय कार्यकर्त्याला, मग कधी टोळीच्याच मध्यस्थाला. सगळीकडून हात टेकले की क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “साहेब, नाव कुठे येऊ देऊ नका.” या वेळी त्याच्यासमोर कोण बसलंय याला फार महत्त्व आहे. मी पाहिलेले चांगले सहपोलीस आयुक्त अशा माणसाला स्वतः भेटत, त्याला चहा देत, तासभर नुसतं ऐकत. कोणत्या भाषेत बोलला, पैसे हिंदीत मागितले की मराठीत, आकडा ‘खोका’ (कोटी) म्हणून सांगितला की ‘पेटी’ (लाख) म्हणून, घरच्यांची माहिती कितपत होती, मुलांच्या शाळेचं नाव घेतलं का, हे सगळं त्या गप्पांतूनच निघतं. शाळेचं नाव घेतलं असेल तर टीप देणारा जवळचाच आहे: चालक, जुना भागीदार, कधी नातेवाईक. टोळी परदेशात असली तरी टिपर गल्लीत असतो. तपास गल्लीतून सुरू होतो.

मग फिर्याद लिहायची. पूर्वी भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) कलम 387, आता भारतीय न्याय संहितेचं 308. त्याचा फोन रेकॉर्ड करायचा, आवाजाचा नमुना पुढे लागणार हे लक्षात ठेवायचं. सापळा लावायचा तर गड्डीच्या वर-खाली खऱ्या नोटा, मध्ये कागद, खऱ्या नोटांचे नंबर पंचनाम्यात. पंच असे घ्यायचे की जे सहा-सात वर्षांनीही शहरात सापडतील आणि उलटतपासाला उभे राहतील. ठाण्याच्या दारातल्या पानवाल्याला प्रत्येक वेळी पंच केलं की बचावाचा वकील त्याचे जुने पंचनामे काढून साक्षीची चाळण करतो. हे लिहिण्याचं काम फौजदार आणि रायटर करतात, बरोबर आहे. पण वरिष्ठाने डायरी वाचली का, समासात प्रश्न लिहिले का, यावर त्या कागदाचा दर्जा ठरतो. पेन घेऊन केस डायरी वाचणारा अधिकारी आला की युनिटमध्ये सगळे आपोआप सावध होतात.

टोळ्यांसाठीचा खास कायदा, मोक्का, येण्याआधी परिस्थिती बिकट होती. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत 23 मे 1995 ला संपली. त्यानंतरच्या वर्षांत गोळीबार वाढत होते आणि आमच्या हातात साधा भादंवि, हद्दपारी आणि स्थानबद्धता. हद्दपारीत माणूस फार तर दोन वर्षं जिल्ह्याबाहेर जायचा. खरं म्हणजे दोन स्टेशनं पलीकडे जाऊन तिथून कारभार करायचा. खुनाच्या खटल्यात गोळी घालणारा सापडायचा. सुपारी देणारा दुबईत किंवा कराचीत, आणि दोघांमधला दुवा सिद्ध करायला पुरावाच नसायचा. साक्षीदार फितूर व्हायचे. 24 फेब्रुवारी 1999 ला अध्यादेश निघाला आणि त्यातून महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला. लोक त्याला मोक्का म्हणतात. दिल्लीनेही तो उचलला, कर्नाटकाने त्या धर्तीवर स्वतःचा केला.

तुम्हाला कारकीर्द समजून घ्यायची असेल तर या कायद्याचं कलम 18 आणि 23 शांतपणे वाचा. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या चढत्या पदांचा खरा अर्थ तिथे आहे. मोक्काचा तपास सहायक आयुक्त किंवा जिल्ह्यात उपअधीक्षक यांच्याखालच्या कुणाला करता येत नाही. गुन्ह्याला मोक्का लावायचा तर आधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे मुंबईत अपर पोलीस आयुक्तांची, पूर्वपरवानगी लागते. आरोपीचा कबुलीजबाब अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवला तरच पुराव्यात चालतो. आणि न्यायालयाने दखल घ्यायची तर अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची, मुंबईत साक्षात पोलीस आयुक्तांची, मंजुरी हवी. एकाच प्रकरणात चार पायऱ्यांवरचे चार अधिकारी, प्रत्येकाची वेगळी सही, प्रत्येकाला न्यायालयात उत्तर द्यावं लागणार.

आधी अपर आयुक्तांची परवानगी घ्या. तुमच्यासमोर प्रस्ताव येतो. टोळीच्या मागच्या दहा वर्षांतल्या कारवायांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं दाखल झालेली असली पाहिजेत, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे आणि गुन्हे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे हवेत. खालचा अधिकारी उत्साहात सगळे जुने गुन्हे चिकटवून पाठवतो. त्यातले काही टोळीचे, काही आरोपीच्या वैयक्तिक भांडणाचे. शेजाऱ्याशी झालेली मारामारी आणि टोळीने घेतलेली सुपारी यांत फरक करणं हे अपर आयुक्ताचं काम आहे. तो फरक न करता सही केली की दोन-तीन वर्षांनी उच्च न्यायालय विचारतं की अधिकाऱ्याने डोकं चालवलं होतं का, आणि मोक्का उडतो. तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या पदावर गेलेला असता. पण फिर्यादी तिथेच राहतो, त्याच इमारतीत. सुटलेला आरोपी त्याला जिन्यात भेटतो.

उपायुक्तासमोरचा कबुलीजबाब हा याहून नाजूक विषय. सामान्य कायद्यात पोलिसांसमोरची कबुली पुरावा नसतेच. इथे ती पुरावा आहे, आणि सोबत खटला चालणाऱ्या दुसऱ्या आरोपीविरुद्धही वापरता येते. एवढी मोठी ताकद दिली म्हणूनच बंधनं आहेत. तपास अधिकारी खोलीत असता कामा नये. आरोपीला हा जबाब तुझ्याविरुद्ध जाईल असं बजावून विचार करायला किमान 24 तास द्यायचे, पुन्हा विचारायचं, त्याच्या भाषेत लिहायचं आणि विनाविलंब मुख्य दंडाधिकाऱ्यांसमोर पाठवायचं. ज्या उपायुक्तांनी हे मनापासून पाळलं, त्यांना पिंजऱ्यात दिवसभर उलटतपास झाला तरी हलवता आलं नाही. मी असे उपायुक्त पाहिलेत की आरोपी म्हणाला, “मला बोलायचं नाही,” आणि त्यांनी तेवढंच नोंदवून त्याला परत पाठवलं. तपास पथक नाराज झालं. मला त्या अधिकाऱ्याविषयी तेव्हाही आदर वाटला आणि आजही वाटतो, कारण ज्याचा नकार नोंदवला जातो त्याच अधिकाऱ्याने नोंदवलेल्या होकारावर न्यायालय विश्वास ठेवतं.

फोन ऐकण्याचं तसंच. मोक्काच्या कलम 14 खाली मंजुरी एका वेळी 60 दिवसांहून जास्त देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं रद्द केली होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मंजुरीच्या आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला मिळाली नाही तर ते संभाषण पुराव्यात येऊ शकत नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राची भर. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात येणार नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य. एका राजकीय खटल्याने खंडणीच्या किती प्रकरणांना धडा दिला असेल! मोबाइल कंपनीच्या नोडल (पोलिसांशी समन्वय ठेवणाऱ्या) अधिकाऱ्याकडून वेळेत प्रमाणपत्र आणवून घेणं हे कंटाळवाणं काम आहे. कंटाळा केला तर टोळीप्रमुखाचा स्पष्ट आवाज कचऱ्यात जातो.

आवाज असूनही साक्षीदार टिकले नाहीत तर काय होतं याचं उदाहरण 2001 चं. हिंदी चित्रपटांचे एक मोठे वित्तपुरवठादार त्या जानेवारीत मोक्काखाली पकडले गेले. पोलिसांकडे परदेशी टोळीबरोबरच्या संभाषणांच्या फिती होत्या. खटल्यात चित्रपटसृष्टीतले साक्षीदार एकामागून एक फिरले. एक अभिनेत्री मात्र जबाबावर ठाम राहिली. 2003 मध्ये निकाल लागला तेव्हा वित्तपुरवठादाराविरुद्ध मोक्का टिकला नाही, पोलिसांपासून माहिती दडवल्याबद्दल शिक्षा झाली. मला त्या फिरलेल्या साक्षीदारांचा राग आला नाही. त्यांना संरक्षण देणारी भरवशाची व्यवस्था आपल्याकडे नव्हती. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा कायदा 2017 मध्ये झाला. देशासाठीची योजना सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी मंजूर केली. कागद आले. दाराशी उभा करायला हवालदार मात्र बंदोबस्तातून मोकळा व्हावा लागतो, आणि तो सोडायचा की नाही हे वरिष्ठ ठरवतो. गणपती, निवडणूक, मोर्चा काहीही असो, साक्षीदाराचा पहारा काढू नका असं लेखी सांगणारे आयुक्त मला भेटले. त्या एका ओळीच्या आदेशाचं मोल मला कोणत्याही पदकाहून जास्त वाटतं.

चकमकींबद्दल तुम्ही विचारलं नसतंत तरी मी बोललो असतो. 11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तिथून लोक ही मोजणी सुरू करतात. 16 नोव्हेंबर 1991 ला लोखंडवालात अपर आयुक्त ए. ए. खान यांच्या पथकाशी झालेल्या चकमकीत माया डोळस गेला. 12 सप्टेंबर 1992 ला जे. जे. रुग्णालयात टोळीचा हल्ला झाला, त्यात पहाऱ्यावरचे दोन पोलीस मारले गेले. समोरून गोळ्या येत असताना प्रत्युत्तर देणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल माझ्या मनात काहीच किंतु नाही. पण नव्वदच्या दशकात ‘इतके मारले’ हेच यशाचं माप झालं आणि तिथून आमच्या खात्याला कीड लागली. तुमच्यासारखी मुलं त्या मापावर भाळतात, म्हणून सांगतो. 11 नोव्हेंबर 2006 रोजी वाशीहून उचललेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला वर्सोव्यात चकमकीत मारल्याचं दाखवलं गेलं. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप दिली, त्यांत 13 पोलीस. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने आधी निर्दोष सुटलेल्या एका माजी अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं. त्या प्रकरणातला महत्त्वाचा साक्षीदार 2011 मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. साक्षीदाराची भीती घालवणं हे ज्या खात्याचं काम, त्याच खात्यातल्या लोकांविरुद्धच्या खटल्यात हे घडलं. याहून मोठा पराभव मला माहीत नाही.

शिवाय चकमकीने माणूस मरतो आणि त्याच्या डोक्यातली माहितीही मरते. पैसे कुठे गेले, कोणाच्या नावावर सदनिका घेतल्या, कोणत्या राजकारण्याने फोन केला, यातलं काहीच उरत नाही. काही वेळा नेमकं तेच कुणाला तरी हवं असतं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर 16 सूचना दिल्या, त्यांत स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी, चकमकीनंतर लगेच पदोन्नती नको हे सगळं आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या तोंडपाठ कराव्यात. चकमकींनी टोळ्या संपल्या असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग दगडी चाळीचा म्होरक्या कशाने आत गेला? 2 मार्च 2007 रोजी घाटकोपरच्या असल्फ्यात नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा खून झाला. गुन्हे शाखेने सुपारीची साखळी जोडली आणि 2012 मध्ये मोक्का न्यायालयाने अरुण गवळीला जन्मठेप ठोठावली. उच्च न्यायालयाने ती 2019 मध्ये कायम केली. पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा 11 जून 2011 रोजी पवईत खून झाला. 2 मे 2018 ला छोटा राजनला त्याबद्दल जन्मठेप झाली. ही दोन्ही कामं कागदाने केली.

वेळ किती लागतो तेही पाहा. 12 मार्च 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली. वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनवरून धागा माहीमच्या अल-हुसैनी इमारतीतल्या मेमन कुटुंबापर्यंत पोचला. आयुक्त अमरजितसिंग सामरा आणि सहपोलीस आयुक्त एम. एन. सिंग यांनी हा तपास वाहतूक शाखेत उपायुक्त असलेल्या राकेश मारियांकडे दिला होता. सुरुवातीचा धागा काही तासांत मिळाला. निकाल 2006-07 मध्ये, 100 जण दोषी. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल 21 मार्च 2013 ला. वीस वर्षं. एवढ्यात तपास करणाऱ्यांची पदं कितीदा बदलली, काही निवृत्त झाले, तरी साक्षीला यावंच लागलं. तपास करताना वीस वर्षांनंतरच्या वाचकासाठी लिहायचं असतं. परदेशातून आरोपी आणताना तर वाचक परका असतो. याच स्फोटांतला आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालने 11 नोव्हेंबर 2005 रोजी सोपवलं ते फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास नाही या हमीवर. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हमी पाळावीच लागेल असं सांगितलं. आज दिलेला शब्द पंचवीस वर्षांनंतरच्या सरकारला बांधतो. अशा फायलीत उपायुक्ताने केलेला ढिसाळपणा देशाला महागात पडतो.

कारकिर्दीच्या पायऱ्या थोडक्यात. हैदराबादचं प्रशिक्षण, मग एखाद्या उपविभागात सहायक अधीक्षक, पुढे जिल्ह्याचा अधीक्षक किंवा शहरात परिमंडळाचा उपायुक्त. इथे वाळूचे ठेकेदार, मटकेवाले, जमिनी बळकावणारे यांच्याशी गाठ पडते. संघटित गुन्हेगारी पहिल्यांदा कळते ती इथे, मुंबईत नाही. एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात वाळू तस्करांचा समावेश झाला तो उगाच नाही. तालुक्यात हप्ता कोण गोळा करतो आणि तो वर कुठपर्यंत जातो, हे ज्याने शोधलं त्याला पुढे मुंबईची टोळी वाचता येते. त्यानंतर अपर आयुक्त किंवा उपमहानिरीक्षक, मग सहपोलीस आयुक्त गुन्हे. ही खुर्ची फार थोड्यांना मिळते. डी. शिवानंदन 1998 ते 2001 या काळात त्या खुर्चीवर होते, म्हणजे मोक्काची पहिली वर्षं त्यांनी पेलली. नवा कायदा नुसता छापून येत नाही. पहिल्या वीस-पंचवीस प्रकरणांत तो कसा वापरला यावर न्यायालयाचा त्याच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन ठरतो.

बदल्यांची तयारी ठेवा. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला, महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी ‘अपवादात्मक परिस्थिती’ची वाट उघडी आहे. पैशाच्या मुळाशी हात गेला की बदलीचा कागद येण्याची शक्यता वाढते. चांगला अधिकारी पहिल्या दिवसापासून असं काम करतो की उद्या चार्ज दुसऱ्याला दिला तरी साखळी तुटू नये. खबरी मात्र चार्जमध्ये देता येत नाही. खबरी माणसावर विश्वास ठेवतो, पदावर नाही. त्याचं नाव कधी कागदावर येऊ द्यायचं नाही आणि त्याला दिलेला गुप्त निधीतला पैसा त्याच्याच हातात पोचला याची खात्री करायची. खबरी उघडा पडला तर त्याचा जीव जातो, आणि ती बातमी गल्लीत पसरली की पुढची दहा वर्षं तिथून कुणी फोन करत नाही.

वर्तमानपत्रांबाबत एक कळकळीची सूचना. आरोपी पकडल्याच्या संध्याकाळी पत्रकार परिषद घेऊन त्याचा चेहरा दाखवायचा मोह होतो. दुसऱ्या आठवड्यात ओळख परेड असते. साक्षीदाराने फोटो पाहिलेला असेल तर परेड वाया जाते, आणि खटल्यातला सगळ्यात सरळ पुरावा आपल्याच हाताने घालवलेला असतो. आरोपीच्या डोक्यावर बुरखा घालतात तो याचसाठी. प्रसिद्धीला उशीर करण्याची ताकद सहपोलीस आयुक्तात असावी लागते, कारण त्याच्या डोक्यावर मंत्रालयाचा दबाव असतो.

आजच्या टोळ्या वेगळ्या आहेत. 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा खून झाला. हल्लेखोर म्हणून पकडलेले तरुण महाराष्ट्राबाहेरचे होते आणि त्या प्रकरणात मोक्का लागला. एमडी या अमली पदार्थाचा व्यापार, ऑनलाइन सट्टा, कर्जाच्या ॲपवरून होणारी धमकावणी यांत म्होरक्या कधी शहरात येतच नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मुळे संघटित गुन्हेगारीची व्याख्या देशभर आली. म्हणजे मोक्का जिथे नव्हता तिथेही हे खटले चालतील आणि बँकेचे व्यवहार वाचणारा अधिकारी सगळीकडे लागेल. दुसऱ्या बाजूला, गल्लीतल्या कोयते नाचवणाऱ्या पोरांवर सर्रास मोक्का लावण्याची सवय मला काळजीत टाकते. त्यातली बरीच पोरं विशीतली असतात. कायद्याची धार अशी घासून घालवली तर खऱ्या टोळीवर तो लागू पडणार नाही, आणि तुरुंगात ही पोरं खऱ्या टोळीला आयती मिळतात.

आता तुम्ही काय करावं. परीक्षेच्या अभ्यासाबरोबर हिशेब वाचायला शिका: ताळेबंद, खातेउतारा, सातबारा, फेरफार, कंपनीची भागधारक यादी. मराठी, हिंदी, इंग्रजी तर हवंच; त्याशिवाय उर्दू किंवा गुजराती कानाला कळू द्या. सर्वोच्च न्यायालयाचे मोक्कावरचे निकाल वाचा, आरोपी सुटलेले जास्त लक्षपूर्वक. आयपीएस की एमपीएससीतून उपनिरीक्षक, या प्रश्नावर माझं उत्तर असं: वय आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर यूपीएससी द्या, पण उपनिरीक्षकाची संधी आली तर तिला दुय्यम समजून सोडू नका. मोक्काचा तपास ज्याच्या खांद्यावर असतो तो सहायक आयुक्त बहुतेकदा याच वाटेने वर आलेला असतो.

आणि परीक्षेआधी एक सुट्टी काढून सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. सत्र खटले उघड्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. खुनाच्या किंवा खंडणीच्या खटल्यात तपास अधिकाऱ्याचा उलटतपास कधी आहे ते लिपिकाला विचारा आणि तो पूर्ण ऐका. त्याने काय लिहिलं होतं, काय लिहायचं राहिलं आणि त्या राहिलेल्या ओळीवर वकील किती वेळ घालवतो, ते वहीत टिपून घ्या. मग मला पुन्हा लिहा. पुढचे प्रश्न त्या वहीवरून बोलू.